डोंगरावर कुरकुरणारी खुर्ची

५ जून, मधाच्या पेट्यांजवळ

बाबा,

पत्र लिहायचं मी टाळत होतो. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण माझ्याकडे दुसरं काही नसलं तरी वेळ असतो हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. कागद घेतला की पेन सापडायचं नाही, पेन सापडलं की मधमाश्या उठायच्या. परवा चांगला कोरा कागद मिळाला होता, तर त्यात अंजिरं बांधून बसमधल्या एका म्हातारीला देऊन टाकली. आज मात्र बसलोय. फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही ‘हं, वर्दियाला देतो’ एवढंच म्हणता, आणि हे बहिणीला सांगून भागणारं नाही. तुम्हालाच सांगायचंय.

सध्या एका मधवाल्याच्या पेट्या राखतो. कुठे ते विचारू नका, का ते पुढे येईलच. त्याची मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. तिने मला फोनवर एक साइट दाखवली. जगभरचे लोक दिसेल त्या प्राण्याचा, झाडाचा फोटो काढून तिथे टाकतात, कोणी आवाजही टाकतात. ज्याला कळतं तो खाली नाव लिहितो. पण अर्धे लोक टाकतात आणि निघून जातात, नावगाव काही नाही. त्याचा मोठा ढीग साचतो. तो ढीग निवडायला माणसं लागतात. आधी ढोबळ निवड, म्हणजे हा पक्षी, हा किडा, हे झाड. मग त्या त्या विषयाचे जाणकार येऊन बारीक नावं देतात.

तिला म्हटलं, ‘बाई, मी नववीत शाळा सोडली.’

ती म्हणाली, ‘खेचर आणि घार यांतला फरक कळतो ना? मग बस.’

बसलो. बाबा, गंमत असते हो त्यात. गाढवाचे कान, कोणाचा तरी अंगठा, शेतातली उडालेली प्लास्टिकची पिशवी (तिला मी बगळा म्हटलं होतं आणि इझमीरच्या एका बाईने मला इतक्या मवाळ शब्दांत चूक दाखवली की जास्तच लाज वाटली). सेतीफच्या एका गड्याने बिबट्या म्हणून फोटो टाकला होता. मी खाली लिहिलं, ‘हे मांजर आहे.’

‘भाऊ, शेपटी बघ. बिबट्या आहे.’

‘भाऊ, मागे सोफा आहे.’

‘घरात शिरला असेल.’

‘आणि शिरताना गळ्यात घंटा बांधून घेतली?’

त्यानंतर तो आलाच नाही. असो, मी भरकटलो.

त्या ढिगात एक माणूस फक्त आवाज टाकतो. वणव्यावर नजर ठेवायचा बुरूज असतो ना जंगलात, तसल्या एका बुरुजावर तो पहारेकरी आहे. वारा, शेळी, उकळणारी किटली, स्वतःचा खोकला, सगळं टाकतो आणि नाव कशालाच देत नाही. चार दिवसांपूर्वी मी त्याचा एक आवाज लावला. एका हातात कस्रा भाकरी होती, दुसऱ्या हातात फोन. आधी लांबून एक मकनीन पक्षी बोलला. मग जवळच्या फांदीवरून दुसऱ्याने सुरू केलं. नेहमीची चढण, मधली ती छोटी घंटी, मग एक विराम. आणि मग कुर्र-ईक.

कस्रा हातातून पडली. खरंच पडली, मुंग्यांनी नेली.

ती तुमच्या दुकानातली खुर्ची होती, बाबा. गिऱ्हाईकाला आरशाकडे वळवताना ती कुरकुरायची तशीच, शेवटी किंचित वर जाणारी. खुर्चीची कुरकुर गाणारा मकनीन जगात एकच, आपला बेय. बेय जिवंत आहे.

तुम्ही हे वाचताना हसणार नाही, पण मला आत्ता सगळं आठवतंय. शुक्रवारी पिंजरे घेऊन मंडळी कॅफेत जमायची, बेय सगळ्यांना गप्प करायचा आणि शेवटी कुर्र-ईक. अख्खा कॅफे हसायचा. ‘सी अर्झकी, काय सुंदर पक्षी, पण डाग लागला हो गाण्याला! खुर्चीला तेल घाला!’ आणि तुम्ही म्हणायचात, ‘त्याचं ऐकून तुम्ही तेल घाला, तुमच्या कानांत.’ खुर्चीजवळ तेलाची बाटली न्यायलासुद्धा मनाई होती. माणसं कुरकुरत दाढी करून घ्यायची.

मागच्या वसंतात पिंजरा रिकामा दिसला तेव्हा दुकान भरलेलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणालात, ‘पक्ष्यांचा वकील घरातच आहे.’ कारण मी त्याच्या आधी महिनाभर तुमच्याशी पिंजऱ्यांवरून भांडत होतो. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी पिशवी उचलली.

तेव्हा बोललो नाही ते आता लिहितो. दार मी उघडलं नाही. उघडावंसं खूपदा वाटलं, हे खरं. पण उघडलं असतं तर तुमच्यासमोर उघडलं असतं, भांडून. चोरून नाही.

त्या आवाजाला मी नाव दिलं फक्त ‘पक्षी’. मकनीन म्हणून लिहिलं की तो नकाशावर ठिपका होऊन दिसतो, आणि आपल्या देशात मकनीनचा ठिपका दिसला की जाळी आणि चिकट काड्या घेऊन कोण पोचतं ते तुमच्या दुकानात बसूनच मी शिकलो. दुर्मिळ प्राण्यांच्या जागा ती साइट आपोआप झाकते. पण मकनीन युरोपात ढिगाने आहेत, म्हणून त्याला झाकण नाही. आपल्या डोंगरांतले संपत आले हे त्या साइटला कोणी सांगितलेलं नाही.

हे पत्र ब्लिदाला जाणाऱ्या ड्रायव्हरकडे देतोय. शिक्का बघून काही कळणार नाही.

मेझियान


११ जून

बाबा,

दोन गोष्टी घडल्या. एक माझ्यामुळे, एक इझमीरच्या बाईमुळे.

आधी माझी. तुम्ही पत्रावर विश्वास ठेवणार नाही असं वाटलं, म्हणून तो आवाज वर्दियाच्या फोनवर पाठवला आणि तिला म्हटलं, दुकानात जाऊन लाव. तिने सगळं मला सांगितलंय. तुम्ही कोणाची तरी मान वस्तऱ्याखाली धरली होती. कुर्र-ईक ऐकल्यावर तुम्ही वस्तरा बाजूला ठेवला आणि म्हणालात, ‘पुन्हा.’ तिने पुन्हा लावला. ‘पुन्हा.’ शेवटी खुर्चीतला माणूस म्हणाला, ‘सी अर्झकी, माझी अर्धी मिशी राहिली आहे.’ तर म्हणे तुम्ही त्याला अर्ध्या मिशीने बसवून ठेवलंत.

आणि ती म्हणाली की खुर्ची आता कुरकुरत नाही. बेय गेल्यावर तुम्हीच तेल घातलंत. हे मला माहीत नव्हतं. मी पेट्यांजवळ बसलो होतो. माश्यांनी हाताला दोनदा डंख मारला तरी उठलो नाही.

आता इझमीरची बाई. तिचा काही दोष नाही. ढोबळ नाव दिसलं की जाणकारांनी ते बारीक करायचं, हीच तिथली रीत. ती आली, तिने आवाज ऐकला आणि मायेने मकनीनचं नाव लिहून गेली. वर शेरा, ‘शेवटचा सूर फारच विलक्षण! ही त्या भागातली बोली असावी.’ बोली! बाब अल-वेदच्या न्हाव्याची खुर्ची आहे ती, बाई. लिहावंसं वाटलं, लिहिलं नाही.

ठिपका नकाशावर उमटला. जागा झाकायचं बटण असतं, पण ते फक्त टाकणाऱ्यालाच दाबता येतं. म्हणून बुरूजवाल्याला निरोप पाठवला. त्याचं नाव सी मबरूक. उत्तर आलं, ‘पोरा, माझ्या फोनवर सगळी बटणं सारखीच दिसतात. मागच्या वेळी एक दाबलं तर बायकोला किटलीचा आवाज गेला. येऊन तूच दाब.’

तर जातोय. मधवाला चिडलाय, पण तो तसाही चिडतच असतो.

मेझियान


१७ जून, बुरुजावरून

बाबा,

असे बुरूज देशभर आहेत, तेव्हा वरच्या ओळीवरून अंदाज काढू नका.

बटण दाबलं. आता नकाशावर ठिपक्याच्या जागी मोठा धूसर चौकोन आहे, त्यात अर्धा प्रांत मावतो. पण चारेक दिवस तो ठिपका उघडा होता, कोणी बघितला असेल तर असेल. म्हणून मी इथेच थांबलोय. सी मबरूकला सोबत हवीच होती. तो दुर्बीण घेऊन धूर शोधतो आणि बोलतो, बोलतो आणि धूर शोधतो. त्याला विचारलं, ‘कशालाच नाव का देत नाहीस?’ तर म्हणाला, ‘अरे, मला ऐकू येतं एवढं मी सांगितलं. नाव सांगायला तुम्ही रिकामे आहात की.’

बेयला पाहिलं. बुरुजाखाली पडीक जमीन आहे, काटेरी फुलांनी भरलेली. तिथे तो बिया उपसतो आणि मग जंगली ऑलिव्हच्या शेंड्यावर बसून गातो. डाव्या पायाचं मागचं नख नाही, तोच. रंग तुमच्याकडे होता त्याहून गडद झालाय, तोंड तर मिरचीसारखं लाल. सी मबरूकला मी खुर्चीची गोष्ट सांगितली तर तो इतका हसला की दुर्बीण खाली पडणार होती. ‘म्हणजे इतके दिवस मी न्हाव्याचं दुकान ऐकत होतो? आणि मला वाटत होतं, बुरुजाच्या दाराला तेल हवंय! मी दोनदा घातलंसुद्धा!’

आता तुमचा निरोप. वर्दियाने तो जसाच्या तसा मला ऐकवला. ‘त्याला सांग, दार कोणी उघडलं ते आता राहू दे. बेय कुठे आहे तेवढं सांगावं आणि घरी यावं. यम्माने त्याची गादी उन्हात घातली आहे.’

बाबा, गादीचं ऐकून मी पिशवी भरली होती. खोटं कशाला सांगू. यम्माच्या हातचं जेवायला मी पायी निघालो असतो. पण मग तुमचं वाक्य पुन्हा ऐकलं. दार कोणी उघडलं ते राहू दे! म्हणजे मीच उघडलं, आणि तुम्ही मोठ्या मनाने माफ केलंत, आणि बदल्यात मी पक्षी द्यायचा. न केलेल्या गोष्टीची माफी मला नको. आणि ती बेयच्या जिवावर तर नकोच.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. तुमच्याकडे त्याला कधी काही कमी नव्हतं. खरंय. हिवाळ्यात तुम्ही आमच्याआधी त्याच्या अंगावर पांघरूण घालायचात. तुम्ही वाईट मालक होतात असं मी कधीच म्हटलं नाही, भांडतानासुद्धा.

साइटवर प्रत्येक नोंदीखाली एक प्रश्न असतो, हा जीव रानातला की पाळलेला? पाळलेला असं लिहिलं की नोंद बाजूला पडते, जाणकार तिच्याकडे फिरकत नाहीत. लपवायला ते सोपं होतं. मी सी मबरूकला विचारलं, काय लिहू? जन्मला रानात, वाढला तुमच्या दुकानात, आणि आता पुन्हा इथे.

तो म्हणाला, ‘सध्या त्याला दाणा कोण घालतं?’

‘कोणी नाही.’

‘मग मला का विचारतोस?’

तरी मी ती जागा कोरीच ठेवली. काल मात्र दुसरंच काही ऐकलं. त्या ऑलिव्हच्या खालच्या फांदीवर एक पिल्लू होतं, यंदाचं, अजून डोकं राखाडी, लालीचा पत्ता नाही. ते आपलं आपलं गुणगुणत होतं, लहान मुलं बडबडतात तसं, काही जुळत नव्हतं. आणि त्या बडबडीत मधेच, अगदी बारीक, कुर्र-ईक. त्याने खुर्ची पाहिलेली नाही. दुकान पाहिलेलं नाही. त्याच्या नोंदीत मी बेधडक लिहिलं, रानातला.

जागा सांगणार नाही, बाबा. रागावा.

मेझियान


२३ जून, बुरुजावरून

बाबा,

हे पत्र तुम्हाला घरी मिळणार नाही बहुतेक, कारण तुम्ही घरी नाही. वर्दियाचा फोन आला होता. ती आधी हसत होती, मग रडकुंडीला आली, मग पुन्हा हसायला लागली.

मी किती शहाणपणा केला होता! पत्रावर गावाचं नाव नाही, शिक्का ब्लिदाचा, ठिपक्याचा चौकोन केला. आणि आवाज मात्र मीच तुमच्या कानाशी नेऊन दिला. वर्दिया सांगत होती, तुम्ही रोज दुकान बंद करताना तिच्याकडून तो लावून घ्यायचात. तिला वाटलं बेयसाठी ऐकताय. परवा तुम्ही तिला म्हणालात, ‘बेयच्या आधी लांबून एक जण बोलतो ना, तो शेवटचा सूर गिळतो. ताबलातच्या वरच्या डोंगरातले सगळे असेच गिळतात. तुझ्या आजोबांनी मला पहिला मकनीन तिथूनच आणून दिला होता.’ एवढं बोलून तुम्ही दुकानाला कुलूप लावलंत.

साइटवरच्या एवढ्या जाणकारांनी तो आवाज ऐकला. सगळ्यांनी बेयला ऐकलं. मागच्याला कोणीच ऐकलं नाही, मीसुद्धा. तुमचाच मुलगा असून.

आज सकाळी वर्दियाने बाल्कनीत बघितलं तर बेयचा पिंजरा नव्हता. आजोबांनी बोरूच्या काड्यांचा केलेला तो, जो तुम्ही बेय गेल्यापासून रिकामा टांगून ठेवला होता आणि दुसरा पक्षी त्यात घालू दिला नव्हता. तो घेऊन तुम्ही पहिल्या बसने निघालात. यम्माला फक्त म्हणालात, ‘जेवायला थांबू नका.’

तर तुम्ही येताय, पिंजरा घेऊन.

मी सकाळपासून काय केलं ते सांगतो, म्हणजे नंतर कोणाकडून कळायला नको. खाली जाऊन बेयला हाकलायचा प्रयत्न केला. टाळ्या वाजवल्या, डबा बडवला, सदरा फिरवला. तो उडाला, एक गिरकी घेतली आणि पुन्हा त्याच शेंड्यावर येऊन बसला. मला ओळखतो ना. वर सी मबरूक बसून तमाशा बघत होता. ‘पोरा, नाच छान आहे, पण त्याला आवडला नाही वाटतं.’

मग मी ऑलिव्हखाली ठाण मांडलं. ठरवलं, तुम्ही जाळं काढलंत तर समोर उभं राहायचं. हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त झाडाखालून हलायचं नाही. मग तुम्ही म्हणाल, बघा, वकील. म्हणा. हे असं एकदा तुमच्यासमोर व्हायलाच हवं होतं, तुमच्या पाठीमागे नाही. फक्त एक भीती वाटते. तुम्ही शीळ घातलीत, ती दाणा घालतानाची, तर बेय स्वतःच खाली येईल. तेव्हा मी काय करणार? तिथे माझा इलाज नाही. तो गेला तर गेला.

बसल्याबसल्या लिहितोय. पाठीला झाडाची साल टोचते. बेय वर गातोय, राखाडी पोरगं खालच्या फांदीवर त्याची नक्कल करतंय.

सी मबरूक वरून ओरडला, ‘चढावर काहीतरी हलतंय! धूर नाही, माणूस आहे!’

‘कसा आहे?’

‘म्हातारा. पायांत शहरातले बूट. दर दहा पावलांवर थांबतो आणि मागे वळून शिव्या देतो. मागे तर कोणीच नाही!’

तुम्हीच.

‘हातात काय आहे?’

‘पिंजरा. वर निळं फडकं. काखेत घडीचं स्टूल.’

‘जाळं? काड्या? नीट बघ!’

‘नाही रे. पिंजरा आणि स्टूल. आणि ते फडकं हलतंय आतून.’

निळं फडकं म्हणजे गिऱ्हाईकाच्या गळ्याभोवती बांधायचं ते. आणि आतून हलतंय म्हणजे आत कोणीतरी आहे. बाबा, नवशिक्या पिल्लाला तुम्ही असंच न्यायचात ना. पिंजरा झाकून उस्तादाजवळ ठेवायचा आणि स्टुलावर गप्प बसायचं. आत दिसायला काही नको, फक्त ऐकू यायला हवं. बेयलाही तुम्ही असंच बसवलं होतं, खुर्चीच्या शेजारी.

तुम्ही बेयला न्यायला येत नाही आहात. तुम्ही शिकवणीला येताय.

आता तुम्ही मलाही दिसताय. काटेरी फुलांतून वाट काढताय, एका हाताने पिंजऱ्याचं दार दाबून धरलंय. तुम्ही मला बघितलंत. सलाम नाही, खुशाली नाही. लांबूनच ओरडताय, आणि बेय गाता गाता थांबलाय.

‘याची कडी आपोआप सुटते रे! बसमध्ये प्रत्येक धक्क्याला सुटत होती! हे पिल्लू दोनदा माझ्या मांडीवर आलं!’

कागद खाली ठेवतो. तुमच्या हातातला पिंजरा धरायला हवा.